डार्क सोल्स, लेव्हल 1: आधी आर्टोरियस, मग सिफ

26 मे

डार्क सोल्स या व्हिडिओ गेममधले ऑर्नस्टाइन आणि स्मो हे दोन बॉस (मोठे शत्रू) पडले. सोलेर या सोबती योद्ध्याला मदतीला घेतलं होतं, पण शेवटचे घाव माझ्या कुऱ्हाडीचे. लॉर्डव्हेसल हे मोठं पात्र मिळालं, ते फायरलिंकला फ्रॅम्प्ट या सापाकडे पोचतं केलं, आणि आता या रनमधला (ठरवलेल्या अटी पाळून खेळलेल्या खेळातला) तो टप्पा समोर आलाय ज्याच्यासाठी मी ही रन सुरू केली.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी नियम पुन्हा सांगते. पायरोमॅन्सर (आगीची जादू करणारा) हा एकमेव क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, लेव्हल 1 वर सुरू होतो. मी एकही लेव्हल घ्यायची नाही असं ठरवलंय, म्हणजे व्हायटॅलिटी 10, एन्ड्युरन्स 11, स्ट्रेंथ 12, शेवटपर्यंत. हत्यार आणि हातातली ज्वाला मात्र वाढवायची. पायरोमॅन्सी, म्हणजे आगीची जादू, कुठल्याच स्टॅटवर (पात्राच्या क्षमतांच्या आकड्यांवर) अवलंबून नसते, ज्वाला जितकी वाढवलेली तितका तिचा मार, म्हणून सोल्स (शत्रू मारून मिळणारं चलन) सगळे तिकडे जातात. कुऱ्हाड तीच, सुरुवातीला हातात आलेली हॅन्ड अॅक्स. अॅनॉर लॉन्डोच्या राक्षस लोहाराकडून ती लाइटनिंग (विजेचा मार देणारी) करून घेतलीय. लाइटनिंगला स्केलिंग (स्टॅटनुसार मार वाढणं) नसतं, त्यामुळे माझ्या फुटकळ स्टॅट्सचं काही अडत नाही.

आणि मुख्य ठरवलेली गोष्ट: सिफ या लांडग्याला हात लावायचा नाही. डार्करूट जंगलातली ती थडग्याशेजारची लढाई सगळ्यात शेवटी. आधी डीएलसी (खेळाला नंतर जोडलेला भाग), आधी त्यातला योद्धा आर्टोरियस.

हा खेळ 2011 चा, आर्टोरियसचा भाग 2012 ला आला. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा क्रम उलटा झाला होता. डार्करूटमध्ये गेले, लोहार अँड्रेकडून 20,000 सोल्स देऊन दार उघडणारा शिक्का घेतला, दार उघडलं, तोंडात तलवार धरलेला तो प्रचंड लांडगा मारला आणि पुढे निघाले. कितीतरी दिवसांनी ऊलासिलला, म्हणजे डीएलसीच्या प्रदेशात, पोचले तेव्हा कळलं की तो लांडगा, सिफ, आर्टोरियसचा होता. तेव्हापासून ही मालिका म्हटली की माझ्यासाठी हेच दोघं. पुढचे भाग मी खेळलेत, त्यातले काही बॉस जास्त अवघड आहेत, काही लढाया जास्त सुंदर रचलेल्या आहेत. पण आवडता विचाराल तर आर्टोरियस, आणि त्याच्यामागोमाग सिफ.

2 जून

ऊलासिल गाठलं. वाट लांब आहे: डार्करूट बेसिनमधला हायड्रा मारा, सोनेरी गोलेममधून (दगडी राक्षसातून) राजकन्या डस्कला सोडवा, मग ड्यूक्स आर्काइव्ह्जमधल्या एका स्फटिकी गोलेमकडून तुटकं पेंडंट मिळवा आणि परत हायड्राच्या जागी या. काळोखातून एक हात येतो आणि आपल्याला आत खेचून नेतो. तो हात कुणाचा ते माहीत असूनही दर वेळी अंगावर काटा येतो.

सँक्च्युअरी गार्डियन हा इथला पहिला बॉस सातव्या अटेम्प्टला गेला. त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. शेपटीपासून लांब राहा आणि उडाला की थांबा.

5 जून ते 14 जून

आर्टोरियस. आजपर्यंत 41 अटेम्प्ट.

बॉनफायर (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती शेकोटी) एलिझाबेथ या पात्राजवळचा. तिथून रॉयल वुडमधून पळत यायचं, हातात कात्र्या घेतलेली बुजगावणी मागे लागतात, त्यांना वळसा घालायचा. आता ही वाट पायाखालची झालीय. धुक्याचं दार ओलांडलं की ते वर्तुळाकार मैदान, आणि मधोमध तो.

पहिले वीस अटेम्प्ट मी त्याला चुकीच्या बाजूने खेळत होते. एवढ्या कमी रक्तात त्याचा एक नीट बसलेला घाव म्हणजे जवळजवळ खेळ संपला, म्हणून मी सारखी मागे सरत होते. मागे सरलं की तो लांबून झेप घेऊन टोक खुपसतो. उजवीकडे वळलं की तलवारीचा फेरा गाठतो. मैदानभर पळत होते आणि मरत होते.

सातारहून दादा आला होता दोन दिवस. तो गेम खेळत नाही. जेवणानंतर मागे खुर्चीत बसून बघत होता. चारपाच वेळा मेले तेव्हा म्हणाला, "अगं, त्याचा डावा हात लोंबतोय बघ."

मला ते माहीत होतं. कथा म्हणून माहीत होतं: हात मोडलाय, ढाल गेलीय, आणि उरलेल्या एका हाताने तो लढतोय. पण लढताना ते माझ्या कधी उपयोगी पडलं नव्हतं. दादा पुढे म्हणाला, "मग तू त्याच बाजूला का नाही राहत?"

त्या रात्रीपासून खेळच बदलला. त्याच्या डाव्या कुशीत रोल केलं (लोळून घाव चुकवला) की बरेचसे फेरे डोक्यावरून किंवा पाठीमागून निघून जातात. मोडका हात प्रत्येक हालचालीला चिंधीसारखा हिंदकळतो. बाजूने इतक्या जवळून बघितलं की कळतं, अॅनिमेशन करणाऱ्यांनी त्या हाताला स्वतःचं काहीच करू दिलेलं नाही. तो फक्त शरीरामागे फरफटतो. उडी मारून उलटा होतो तेव्हासुद्धा. या मालिकेतली गोष्ट वस्तूंच्या वर्णनात असते असं आपण नेहमी म्हणतो. इथे ती खांद्याच्या सांध्यात आहे.

आता बारकावे, ज्यांना ही लढाई कमी लेव्हलवर करायची आहे त्यांच्यासाठी.

वजन. एन्ड्युरन्स 11 ला इक्विप लोड (अंगावर पेलता येणारं वजन) 51 मिळतो. वेगवान रोल हवा तर त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आत राहायचं, म्हणजे 12.75. मी ढाल काढून टाकली. पॅरी (घाव ढालीने झटकून परतवणं) त्याला लागत नाही, अडवायला माझ्याकडे स्टॅमिना नाही, मग ते ओझं कशाला?

कोलांटी. तो हवेत उलटा होऊन तलवार आपटतो. हे कधी एकदा, कधी दोनदा, कधी तीनदा. पहिली चुकवली की हात कुऱ्हाडीकडे जातो, आणि तिथेच माझे निम्मे अटेम्प्ट संपले. पाय जमिनीवर टेकून तलवार वर उचलायला तो वेळ घेतोय हे डोळ्यांनी दिसेपर्यंत बटण दाबायचं नाही. मी मोठ्याने मोजते: एक, दोन, तीन. शेजारच्या खोलीतून आईला आकडे ऐकू येतात. हा खेळ मधे थांबवता येत नाही हे तिला आता पाठ झालंय, ती चहा टेबलावर ठेवते आणि जाते.

काळोख गोळा करणं. तो वाकतो, गुरगुरतो, अंगाभोवती काळं काही तरी फिरायला लागतं. पूर्ण झालं तर जवळ असलेल्याला स्फोट लागतो आणि त्यानंतर त्याचा मार कितीतरी वाढतो. त्या वेळात पुरेसं नुकसान केलं तर ते मोडता येतं. नेहमीच्या बिल्डला (लेव्हल वाढवलेल्या पात्राला) ते जमतं. लेव्हल 1 ला नुसत्या कुऱ्हाडीने ते भरत नाही. माझा उपाय: ग्रेट कंबश्चन ही आगीची जादू. तो वाकला की सरळ धावत जायचं, छातीशी ज्वाला दोनदा, मग कुऱ्हाड. अॅट्यून्मेंट 12 ला जादूसाठी दोनच जागा मिळतात, त्यातली एक यासाठी. दुसरीत पॉवर विदिन ठेवलं होतं, ते काढलं. मार 40 टक्क्यांनी वाढतो, पण रक्त सतत झिरपत राहतं, आणि इथे मला प्रत्येक थेंब हवाय. लाल अश्रूंची अंगठी बोटात आहे. रक्त पाचव्या हिश्श्याखाली गेलं की मार दीडपट. ती आपोआप कामाला येते, कारण त्या अवस्थेत मी बहुतेक वेळ असतेच.

17 जून

58 वा अटेम्प्ट. पडला.

शेवटच्या मिनिटात माझ्याकडे एकही एस्टस (रक्त भरून काढणारं पेय) नव्हता. त्याने काळोख गोळा करायला सुरुवात केली, मी धावले, पहिली ज्वाला लागली, दुसरी लागली, तो थांबला नाही. कुऱ्हाडीचे दोन घाव घातले आणि तिसऱ्याला तो मोडला. मग एक कोलांटी, एकच. मी तिसरीची वाट बघत उभी राहिले आणि ती आलीच नाही. तरी वेळ होता. दोन घाव.

खुर्चीतून उठून गॅलरीत गेले. पाऊस सुरू झाला होता. हात थरथरत होते आणि डोळे भरून आले होते, हे इथे लिहायला मला काही वाटत नाही.

थोड्या वेळाने मैदानात परत गेले तर तिथे त्याची सहकारी योद्धा किअरन होती, त्याच्यासाठी शोक करत. तिला आर्टोरियसचा आत्मा देऊन टाकला. बदल्यात तिच्या दोन्ही तलवारी मिळतात, पण मी त्यासाठी दिला नाही. त्यातून बनणारी तलवार मला लेव्हल 1 वर पेलवणार नाहीच, आणि पेलवली असती तरी दिला असता.

24 जून

खाईत उतरले. मांजराची छाया दिसते, तिच्यामागे जायचं, भिंतीवर घाव घालायचा, भिंत विरते. आत छोटा सिफ. अंगाभोवती प्रकाशाचं कडं, बाहेर काळी ह्युमॅनिटी (सावल्यांसारखे शत्रू) तरंगतेय, आणि शेजारी आर्टोरियसची ढाल. हात मोडलेला माणूस ढालीशिवाय का लढत होता, त्याचं उत्तर इथे ठेवलेलं आहे. एक शब्द कुणी बोलत नाही.

मानुस या डीएलसीच्या शेवटच्या कथेतल्या बॉसला 19 अटेम्प्ट लागले. चांदीचं पेंडंट जवळ ठेवा, त्याच्या काळ्या जादूच्या वेळी वापरा, एवढं पुरे. सिफला सोबत बोलावता येतं आणि मी बोलावलं. मानुसला मारून ही खाई पसरणं थांबवणारे आपण, पण पुढे इतिहासात नाव राहतं आर्टोरियसचं. मला ते बरोबरच वाटतं. त्याने जे वाचवलं ते खाईत त्या कड्याच्या आत बसलं होतं.

29 जून

डार्करूट. दार उघडलं, थडग्याकडे गेले.

ज्यांनी सिफला आधी खाईतून सोडवलंय त्यांना इथे वेगळा प्रसंग दिसतो. मी तो कधी पाहिला नव्हता, व्हिडिओसुद्धा मुद्दाम टाळले होते. तो येतो, जवळ येऊन हुंगतो. ओळखतो. मग मान वर करून एक लांब हाक देतो, आणि तोंडात तलवार घेतो.

आर्टोरियसची अंगठी त्याच्याकडे आहे, ती नसेल तर फोर किंग्ज या पुढच्या बॉसपर्यंत जाता येत नाही. तो ती देणार नाही, कारण ती घेऊन पुढे गेलेल्यांचं काय होतं ते त्याने स्वतः पाहिलंय.

लढाई अवघड नाही, पोटाखाली राहिलं की त्याचे फेरे चुकतात. तिसऱ्या अटेम्प्टला त्याचं रक्त अगदी थोडं उरलं आणि तो लंगडायला लागला. तलवार फिरवतो आणि स्वतःच कोलमडतो, पुन्हा उभा राहतो. खेळाचे संगीतकार साकुराबा यांचं संगीत चालू आहे. मी समोर कुऱ्हाड खाली करून उभी राहिले, किती वेळ ते सांगता येणार नाही. त्याने दोनदा वार केला, दोन्ही हवेत गेले.

मग मी ज्वाला वापरली, कुऱ्हाड नाही.

अंगठी मिळाली. फोर किंग्जना पुढच्या आठवड्यात हात घालते.