मागितले पिंपल्सचे पॅड्स, मेडिकलवाल्याने दिली भलतीच ट्यूब

मावसबहीण न्यू जर्सीहून आली तेव्हा तिने सॅलिसिलिक ॲसिडचे पॅड्स आणलेले, 2 टक्क्यांचे. डबीतून ओली चकती काढायची, चेहऱ्यावरून हलकेच फिरवायची, झालं. दोन महिन्यांत हनुवटीवरचे ब्लॅकहेड्स बरेच गेले. मग डबी संपली.

जवळच्या मेडिकलमध्ये गेले, म्हटलं दादा, सॅलिसिलिकचे पॅड्स आहेत का. तर म्हणे पॅड्स वगैरे नाहीत ताई, ही ट्यूब न्या, पिंपल्सवर एकदम बेस्ट, सगळ्या मुली हीच नेतात. ना चिठ्ठी विचारली ना किती दिवस लावायची ते सांगितलं. आणि चार दिवसांत चेहरा इतका साफ झाला की मी रोज लावायला लागले, ऑफिसात दोघींनी विचारलंसुद्धा काय लावतेस म्हणून. दीड महिन्याने ट्यूब संपली, नवीन आणायला दोन-तीन दिवस गेले आणि गालभर लालभडक बारीक पुळ्या, जिथे जन्मात कधी काही आलं नव्हतं तिथेही, नुसतं पाणी लागलं तरी चुरचुरायचं. परत ट्यूब लावली की शांत, थांबवली की पुन्हा तेच. तेव्हा कुठे ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. बेटामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. आणि खाली चक्क छापलेलं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचं. जाब विचारायला गेले तर म्हणे, "सगळेच नेतात हो, तुम्हालाच कसा त्रास झाला?" त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माझ्यामागे एक कॉलेजची मुलगी उभी होती, तिलाही तो तीच ट्यूब दाखवत होता. मी तिला तिथेच सांगितलं, घेऊ नकोस.

स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या स्टिरॉइडने लाली दबते, पिंपल बरा होत नाही, आणि कातडी पातळ होत जाते. चेहरा शांत व्हायला तीन महिने गेले. तुम्ही निदान एवढं करा, नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सोल' दिसलं, बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, तर स्वतःच्या मनाने तोंडाला लावू नका.

पॅड्स मग डॉक्टरांना विचारूनच परत सुरू केले. पहिले तीन दिवस फक्त हनुवटीच्या एका कोपऱ्यावर लावून पाहिलं, मग दिवसातून एकदाच पूर्ण चेहऱ्याला. कोरडं पडलं, सालं निघाली तर एक दिवसाआड. घासायचं नाही, डोळे-ओठ-नाकपुड्यांपासून लांब, सोललेल्या त्वचेवर तर नाहीच. वर मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. फेसवॉशही सॅलिसिलिकचा असेल तर तो बदला, मी नेमकं हेच विसरले होते आणि नाकाच्या बाजूला सालं निघाली. बेन्झॉइल पेरॉक्साइड, म्हणजे पिंपल्सवर लावायचं दुसरं औषध, तेही सोबतीला लावू नका, दोन्ही मिळून फार कोरडं करतात (आणि पेरॉक्साइडने टॉवेलचे रंग उडतात). फरक दिसायला सहा-आठ आठवडे जातात, चार दिवसांत जादू दिसली तर ट्यूब उलटी करून वाचा.

हो, ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिक आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, प्रेग्नंट असाल तरी विचारा. आणि लावल्यावर ओठ, जीभ, डोळे सुजले किंवा घसा आवळल्यासारखा वाटला तर चेहरा धुऊन लगेच हॉस्पिटल गाठा. क्वचित होतं, पण अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने 2014 मध्ये अशा बिनचिठ्ठीच्या पिंपल्सच्या औषधांबद्दल हीच सूचना दिली होती.