ब्रशवर पेस्ट कशी लावता?

लग्नघरात, प्रवासात, नव्या ऑफिसात ओळख जरा मुरली की हा प्रश्न हमखास येतो: 'तुम्हाला दिसत नाही, मग ब्रशवर पेस्ट कशी लावता?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी लावतच नाही. बोटावर वाटाण्याएवढी घेते, दातांना फासते आणि ब्रश फिरवते. माझ्या ट्यूबला रबरबँड गुंडाळलेलं असतं, कारण शेजारीच मलमाची ट्यूब असते. झालं.

खरं अडतं ते पुढं, आणि ते कुणी विचारत नाही. दात स्वच्छ झाले हे कळायचं कसं? मला जीभ सांगते. नीट घासलेला दात काचेच्या बांगडीसारखा गुळगुळीत लागतो, राहिलेला दात बुळबुळीत. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला जीभ मुद्दाम फिरवते. तिथंच जवळ लाळग्रंथी उघडतात, म्हणून कीटण तिथं लवकर धरतं. ते एकदा टणक झालं की ब्रशला दाद देत नाही. वरच्या दाढांची गालाकडची बाजू घासताना तोंड अर्धवट मिटते. गाल सैल पडतो आणि ब्रश आत शिरतो. हिरडीतून रक्त आलं तर तुम्हाला बेसिनमध्ये गुलाबी दिसतं, मला लोखंडाची चव लागते. पेस्टच्या पुदिन्यात ती चव हरवते, म्हणून आठवड्यातून एकदा आधी नुसता ओला ब्रश फिरवून बघते.

हे मला वसतिगृहात कुणी शिकवलं नाही. सकाळी रांगेत 'दात घासले का?' एवढंच विचारायचे. पुढं बेळगावच्या दंतवैद्यांनी अंध मुलांना दात घासायला शिकवण्याची एक पद्धत २०१२ साली मांडली: आधी ऐकवायचं, मग दातांच्या नमुन्यावर हात फिरवू द्यायचा, जिभेनं स्वतःचे दात चाचपायला सांगायचं आणि शेवटी करून घ्यायचं. वाचलं तेव्हा फार बरं वाटलं, आणि आपल्या लहानपणी हे हवं होतं असंही.

पण जिभेलाही मर्यादा आहे. कीड सुरू होते ती पांढुरक्या डागानं, तो चाचपून कळत नाही. त्यासाठी दवाखान्यात जावंच लागतं, आणि मी बरीच वर्षं ते टाळलं. पहिल्या डॉक्टरांनी माझ्यासमोर माझ्या भावाला विचारलं होतं, 'यांना कुठं दुखतंय?' मग काही न बोलता खुर्ची मागं गेली आणि तोंडात गार पाण्याचा फवारा आला. दचकून मी त्यांचा हातच धरला. ते चिडले.

आताच्या डॉक्टरबाई तोंडात घालायचा छोटा आरसा आधी चाचपायला हातात देतात. लाळ ओढणारी नळी तळहाताला लावतात, पॉलिशचं रबर माझ्या नखावर फिरवतात. 'असंच दातावर फिरेल हं, ताई. आता खुर्ची मागं घेते. आता पाणी, गार आहे.' मग मी तोंड उघडते.