नकाशावरचा लाल ठिपका

जुलैमधला शुक्रवार. दादरला पाऊस असा की भर दुपारी दुकानात दिवे लावावे लागले. फोटो दुरुस्त करून त्यांचे ऑनलाइन अल्बम लावून देणं हे माझं काम. लग्नं, मुंजी, बारशी यांतच वर्ष जातं. त्या दिवशी मात्र माझ्यासमोर जंगल होतं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका रायगडातल्या एका ओहोळाकाठी पाच दिवस बसून तिबोटी खंड्याचे फोटो घेऊन आले होते.

हा पक्षी जेमतेम 13 सेंटिमीटरचा, चिमणीपेक्षाही लहान. पावसाच्या तोंडावर कोकणात येतो आणि ओहोळाच्या दरडीत आडवं बीळ कोरून घरटं करतो. पोवळ्यासारखी चोच, पिवळंकेशरी पोट, डोक्यावर जांभळी झाक. काकांच्या फोटोंत मात्र सगळं हिरवट. पावसाळ्यात झाडीखालचा उजेड पानांतून गाळून येतो, तिथं कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेड बघून रंग आपोआप जुळवायची सोय, फसतो. मी पक्ष्याच्या गळ्याचा पांढरा भाग धरून रंग बसवला आणि तो जांभळा एकदम उमलून आला. मी खुर्ची मागे सरकवून नुसती बघत राहिले. कॅमेरा अडोबी आरजीबी या रंगपद्धतीवर होता. तसेच चढवले तर बऱ्याच ठिकाणी केशरी विटका दिसतो, म्हणून सगळे एसआरजीबीत, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगपद्धतीत आणले. चार वाजता 64 फोटोंची लिंक काकांना पाठवली.

चहा पिता पिता मोबाइलवर अल्बम उघडला. फोटोखाली नकाशा होता आणि नकाशावर लाल ठिपका. बोटांनी मोठा केला, तर ओहोळाचं वळणसुद्धा दिसलं.

काकांचा कॅमेरा ब्लूटूथने फोनला जोडलेला. प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश बसले होते, दशांशाच्या पाच घरांपर्यंत. पाचवं घर म्हणजे साधारण एक मीटर. झाडीत जीपीएस थोडा इकडेतिकडे होतो, पण तिथं ओहोळ एकच आहे. फोटो बाहेर काढताना ही माहिती गाळायची असते, ती गाळायची मी विसरले. लग्नाच्या फोटोंत कधी त्याचं काही अडलं नव्हतं.

घरट्यापाशी माणसं जमली की आईबाप चोचीत पाल, बेडूक धरून लांब फांदीवर ताटकळतात, बिळात पिल्लं भुकेली राहतात. हे सकाळीच काकांनी मला सांगितलं होतं.

"काका, लिंक कुणाला पाठवलीत?"

"दोन ग्रुपवर टाकली की. का गं?"

सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. मी लिंक बंद केली. तासाभरात ते ओल्या छत्रीसकट दुकानात हजर. आम्ही पुन्हा पहिल्यापासून बसलो. जीपीएस गाळलं. फाइलींच्या नावांत काकांनी गावाचं नाव घातलं होतं, ते काढलं. एका फोटोत मागे साकव दिसत होता. त्या भागातल्या माणसाने तो क्षणात ओळखला असता, म्हणून कापला. तारखाही काढल्या.

उरला एक. बिळाच्या तोंडाशी पंख पसरलेली मादी, चोचीत सापसुरळी, आतून पिल्लाची उघडी चोच. दरडीवरचं मुळांचं जाळं इतकं स्पष्ट की जागा हमखास सापडावी. पाच दिवसांतला सगळ्यात चांगला फोटो तोच. काका बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"काढ," ते म्हणाले. "माझ्या पेनड्राइव्हवर दे फक्त."

नवी लिंक रात्री साडेआठला गेली, 63 फोटोंची. मधल्या वेळात जुनी किती जणांनी उघडली, किती जणांनी फोटो उतरवून घेतले, हे कळायला काही मार्ग नव्हता. काकांनी प्रत्येकाला स्वतः फोन करून ते पुसायला सांगितलं.

रविवारी त्यांचा फोन आला. ग्रुपवर एकाने विचारलं होतं, "जागा कुठली, काका?" त्यांनी लिहिलं होतं, "रायगड जिल्हा."