स्लालमच्या तळ्यावर: स्की नंतर, बूट आधी

स्लालम म्हणजे बोटीमागे दोरी धरून, एकाच स्कीवर, पाण्यात लावलेल्या बोयांना (तरंगत्या गोळ्यांना) वळसे घालत जायचा खेळ. त्यासाठी खोदलेलं तळं दुरूनच ओळखू येतं. लांबलचक, अरुंद आणि सरळ. काठ उभे नसतात, उतरते असतात. बोटीची लाट त्यावर चढते आणि तिथेच विरते, उलटून मध्ये येत नाही. दोन्ही टोकांना एकेक छोटं बेट असतं. बोट त्याला वळसा घालून परत येते, त्यामुळे वळणाची लाट बेटाआड राहते. आम्ही भल्या सकाळी पोचलो तेव्हा पाणी इतकं स्थिर होतं की आमच्या भाच्याने चक्क बोलणं थांबवलं. असं सहसा होत नाही.

मी आजवर एका स्कीवर फिरले ती मोकळ्या पाण्यात, बोयांशिवाय. भाचा वेकबोर्डवर तरबेज, वजन नव्वदच्या वर आणि आत्मविश्वास त्याहून जास्त. सामान कोणतं घ्यावं हे वाचून कळत नव्हतं, म्हणून विकत घेण्याआधी एखाद्या शिकवणाऱ्या तळ्यावर जाऊन वेगवेगळं वापरून पाहायचं ठरवलं. तुम्हीही याच टप्प्यावर असाल तर हाच क्रम ठेवा. आरक्षण करण्याआधी मात्र दोन गोष्टी विचारून घ्या. रुंद स्की आणि निरनिराळ्या मापांचे बूट तिथे आहेत का, आणि मुख्य बोयांच्या आत अरुंद ‘मिनी कोर्स’ लावलेला आहे का. नवख्याला पहिले काही दिवस मिनी कोर्सच उपयोगी पडतो.

कोर्सची मापं जगभर सारखीच असतात. सुरुवातीच्या गेटपासून (गेट म्हणजे बोयांची जोडी) शेवटच्या गेटपर्यंत २५९ मीटर. बोट मधून सरळ जाते. सहा बोये आळीपाळीने डावी-उजवीकडे, प्रत्येक मधल्या रेषेपासून ११.५ मीटर दूर. ताशी ५५ किलोमीटर वेगाला हा सगळा खेळ सतरा सेकंदांत आटोपतो, म्हणजे एका बोयापासून दुसऱ्यापर्यंत तीन सेकंदही मिळत नाहीत. सहाही बोये घेतले की वेग तीन किलोमीटरने वाढतो. महिलांना ५५ आणि पुरुषांना ५८ ही वरची मर्यादा. त्यानंतर वेग तोच राहतो आणि दोरी आखूड होत जाते: १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५ आणि पुढे. प्रत्येक लांबीला दोरीत वेगळ्या रंगाचा फासा असतो, तोच बोटीच्या खांबात अडकवायचा.

“मावशी, आपण दोरी जरा आखूड करून बघू या का? पटापट वळता येईल,” भाचा पहिल्याच दुपारी म्हणाला. कोचने त्याला नुसता हिशोब घालून दाखवला. ११.२५ मीटरवर दोरीच बोयापेक्षा आखूड पडते. उरलेलं अंतर स्कीअरने आपलं शरीर आणि एक हात लांबवून भरून काढायचं असतं. २०१३ साली अमेरिकेचा स्कीअर नेट स्मिथ याने ९.७५ मीटरच्या दोरीवर अडीच बोये घेतले होते. म्हणजे जवळजवळ पावणेदोन मीटरची तूट. भाचा गप्प बसला आणि लाल फाशावर, म्हणजे १८.२५ वर, राहिला. शिकणाऱ्याने तिथेच असावं. पूर्ण २३ मीटरची दोरी दिसायला सोपी वाटते, पण तितक्या मागे बोटीची लाट पसरलेली असते आणि ती ओलांडताना पाय उडतात.

आता सामान. सगळे आधी स्कीबद्दल विचारतात. माझं मत तिथून आल्यावर पक्कं झालं आहे: जे अंगाला भिडतं त्यावर आधी लक्ष द्या आणि पैसेही आधी तिथेच घाला. पायातला बूट, हातातलं हँडल, हातमोजे, जॅकेट. स्की त्यानंतर. बूट सैल असेल तर सर्वांत महागडी कार्बनची स्कीसुद्धा तुमचं ऐकणार नाही, कारण तुमचं म्हणणं तिच्यापर्यंत पोचतच नाही.

पुढच्या पायाचा बूट घट्ट हवा, आणि घट्टची कसोटी टाच आहे. बूट घालून उभे राहा, गुडघा पुढे दाबा; टाच कणभरही उचलली जाता कामा नये. बोटं दुखत असतील तर माप लहान आहे, पण ‘मोकळं बरं वाटतंय’ असं वाटलं तर नक्की मोठं आहे. कोरडा रबरी बूट पायात चढत नाही. त्यासाठी साबणाचं पातळ पाणी बाटलीत भरून ठेवतात. ते आत शिंपडायचं, पाय सरकवायचा आणि मागची पट्टी सगळ्या बोटांनी सारखी ओढायची. एकाच कोपऱ्याला धरून हिसका दिला की रबर तिथे फाटतं.

पुढे कोणता पाय हा प्रश्न तळ्यावर सोडवायला नको. दोन स्की घालून निघा आणि एकेक पाय उचलून पाहा. ज्या पायावर सहज तोल राहतो तो पुढे.

मागच्या पायासाठी दोन मार्ग. एक म्हणजे नुसता चवड्यावरचा पट्टा. खोल पाण्यातून निघताना मागचा पाय पाण्यात सोडून सुकाणूसारखा वापरता येतो आणि उभं राहिल्यावर पट्ट्यात सरकवता येतो. मी याच्यावरच राहिले आणि नवख्यांना हेच सांगेन. दुसरा मार्ग म्हणजे मागेही पूर्ण बूट. पकड उत्तम मिळते, पण निघताना दोन्ही पाय अडकलेले असतात. त्यात खरा धोका पडण्याच्या वेळी असतो. एक पाय सुटला आणि दुसरा अडकून राहिला तर स्कीच्या लांबीचा सगळा पीळ त्या एका घोट्यावर येतो. म्हणून दोन्ही बूट सारखेच घट्ट ठेवतात, किंवा दोन्ही एकाच पट्टीवर बसवून ती अख्खी पट्टी सुटेल अशी व्यवस्था करतात. कडक कवचाचे, ठरावीक ताणाला सुटणारे बूट असतील तर ते पाण्यात उतरण्याआधी जमिनीवर सोडवून पाहा आणि यंत्रणेत वाळू अडकलेली नाही ना तेही बघा. स्क्रू प्रत्येक फेरीआधी तपासायचे. तळ्यावर सगळ्यांच्या पिशवीत पेचकस आणि ॲलन की दिसत होत्या, त्या उगाच नव्हत्या.

बूट स्कीवर कुठे बसवलाय हे शेपटीच्या टोकापासून टाचेपर्यंत मोजतात. साधारण २९ ते ३० इंच, बाकी उत्पादकाच्या तक्त्यात असतं. बूट पुढे नेला की स्कीचं नाक पाण्यात जास्त रुततं आणि ती चटकन वळते, पण नाक अडकण्याची भीतीही वाढते. मागे नेला की स्की स्थिर राहते आणि वळायला आळस करते. एका वेळी एकच भोक सरकवायचं, आणि मग निदान पूर्ण सेट त्यावरच काढायचा. एका सेटमध्ये, म्हणजे पाण्यातल्या एका पाळीत, सहसा सहा पास, म्हणजे कोर्समधल्या फेऱ्या, असतात.

स्कीचं गणित वजन आणि वेग यांवर आहे. उंचीचा फारसा संबंध नाही. साठ किलोच्या आसपासच्या माणसाला ६५ इंची, पंचाहत्तरला ६६, नव्वदला ६७ किंवा ६८ असा ढोबळ अंदाज. वेग कमी असेल तर एक माप वर. त्याहून महत्त्वाची रुंदी. रडार सेनेट किंवा एचओ ओम्नीसारख्या स्की मधल्या भागात रुंद असतात. ताशी ४० ते ५० किलोमीटरला त्या पाण्यावर तरंगून राहतात आणि वळल्यावर लगेच वेग पकडतात. रडार व्हेपरसारखी स्पर्धेची अरुंद स्की त्याच वेगाला शेपटी बुडवून बसते, आणि प्रत्येक वळणानंतर तुम्हीच तिला ओढत राहता. भाच्याने हट्टाने अरुंद स्की घेतली, कोचने काही न बोलता ती दिली. दुसऱ्या सेटला तो स्वतःहून रुंद ६८ इंची मागायला आला, आणि त्या संध्याकाळी मिनी कोर्स पूर्ण झाला. आज तुम्ही ज्या वेगाला स्की करता त्या वेगाची स्की घ्या. पुढच्या वर्षी गाठायचा आहे त्या वेगाची पुढच्या वर्षी.

कार्बन हलका आणि ताठ. स्की जोरात निघते. पण कमी वेगाला त्याचा फायदा थोडाच होतो आणि चुकांना माफी कमी मिळते. फायबरग्लासची मऊ स्की शिकणाऱ्याला कमीपणाची अजिबात नाही. जुनी घ्यायची असेल तर बूट काढायला लावा. स्क्रूच्या भोकांभोवती बारीक तडे, पुढच्या पायाखाली आडव्या सुरकुत्या, अंगठ्याने दाबल्यावर मऊ लागणारी जागा, यांपैकी काहीही दिसलं तर परत द्या. किंमत कितीही उतरवली तरी.

आता फिन. मागच्या टोकाखाली असलेला हा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा स्लालमवाल्यांची झोप उडवतो. त्याची तीन मापं पाहतात: लांबी, खोली आणि शेपटीपासूनचं अंतर. साधारणपणे लांबी पावणेसात इंचांच्या थोडी वर, खोली अडीच इंच, अंतर पाऊण इंचाच्या आसपास. फरक मात्र इंचाच्या हजाराव्या भागात करतात; पाच-दहा हजारांश हलवलं तरी सरावलेल्या पायाला कळतं. खोली वाढवली की शेपटी जास्त धरून राहते, वळताना कमी घसरते. लांबी वाढवली किंवा फिन पुढे सरकवला की नाक जास्त पकड घेतं. फिनला दोन्ही बाजूंनी असलेले छोटे पंख, म्हणजे विंग, बोयाजवळ वेग कमी करायला मदत करतात. सात ते नऊ अंश हा नेहमीचा कोन. कमी वेगाला विंग काढून ठेवली तरी चालते.

हे सगळं वाचून हात शिवशिवतील. आवरा. नवीन स्कीचा फिन कारखान्याच्या मापावर आहे की नाही एवढं कॅलिपरने, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या उपकरणाने, बघा, मापांचा फोटो काढून ठेवा आणि ॲलन की पिशवीत टाका. तळ्यावर एक गृहस्थ दर पासनंतर धक्क्यावर बसून फिन हलवत होते. कोचचं म्हणणं असं की आधी उभं राहण्याची ढब बघा, मग बुटाची जागा, आणि ते दोन्ही ठीक असूनही स्की दर वेळी तीच खोड काढत असेल तरच फिनला हात लावा. लांबी मोजताना कॅलिपरच्या टोकांनी मोजली की जबड्याने, यावर आकडा बदलतो, म्हणून दुसऱ्याचे आकडे उचलताना पद्धतही विचारा.

दोरीच्या बाबतीत एकच घोटाळा वारंवार दिसला: वेकबोर्डची न ताणणारी दोरी घेऊन आलेले लोक. स्लालमची दोरी थोडी ताणली जाते, आणि वळणानंतरचा झटका त्यामुळे खांद्यावर सगळाच्या सगळा येत नाही. दोरीला गाठ पडली असेल किंवा फाशाजवळ धागे सुटले असतील तर ती बाद. हँडल साधारण १२ किंवा १३ इंच रुंद असतं. मला मुठीची जाडी जास्त महत्त्वाची वाटली. लहान हाताला जाड मूठ दिली की बोटं आधी दमतात आणि मग आपण हातानेच ओढू लागतो. हँडलच्या त्रिकोणात जाळी असलेलं, गार्डवालं हँडल घ्या. पडताना डोकं किंवा हात त्या त्रिकोणातून आरपार जाणं हा या खेळातल्या वाईट अपघातांपैकी एक आहे. दोरी हाताला कधीही गुंडाळू नका.

हातमोजे तंग आणि तळव्याला केव्हलर असलेले. उन्हात नको, सावलीत वाळवा. जॅकेट अंगाबरोबर बसणारं, तरंगवण्याची मान्यता असलेलं. स्पर्धेची पातळ जॅकेटं कमी तरंगवतात, शिकताना ती नकोत. आणि निओप्रीनची अर्धी विजार. थंडीसाठी म्हणून नाही. वेगात बसकण मारून पडलात तर पाणी जिथे जाऊ नये तिथे दाबाने शिरतं, आणि त्याने खरीखुरी दुखापत होते. याबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगितलं.

बोट आपल्या हातात नसते, पण चालकाशी बोलणं असतं. हल्लीच्या बोटींत वेग जीपीएसवर आपोआप राखला जातो. झीरो ऑफ नावाच्या प्रणालीत अक्षर आणि आकडा निवडतात: अक्षराने इंजिन किती लवकर प्रतिसाद देतं ते ठरतं, आकड्याने किती जोराने. बी-२ पासून सुरुवात करा. चालकाला वेग, दोरी आणि हे अक्षर-आकडा इतकं सांगितलं की पुरे. पाण्यातल्या खुणा आधी एकदा ठरवून घ्या: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, गळ्यावरून हात फिरवला की थांबा. पडल्यावर ठीक असाल तर लगेच हात वर करून दाखवा. बोटीत मागे बघणारा माणूस त्याचीच वाट पाहत असतो.

विमानाने स्की नेताना फिन टॉवेलमध्ये गुंडाळून मध्ये जॅकेट भरा, आणि पोचल्यावर मापं फोटोशी ताडून पाहा. कॅलिपर आणि किल्ल्या चेक-इन सामानात. बूट आणि हातमोजे हातातल्या पिशवीत ठेवा, कारण सामान हरवलं तर स्की तळ्यावर उसनी मिळते, तुमच्या पायाचा बूट मिळेलच असं नाही. दिवसाला दोन सेट पुरे. तिसऱ्याचे पैसे आधीच भरू नका. तिसऱ्या दिवसापर्यंत हाताची बोटं मिटत नाहीत आणि ते सेट वायाच जातात.