घरात कुणी गात नाही, तरी तानपुरा

घरी पहिल्यांदा येणाऱ्याची नजर चपला काढता काढताच खिडकीजवळच्या तानपुऱ्याच्या उंच गवसणीवर जाते. "कोण गातं?" कुणीच नाही. "मग हा कशाला?" हे इतक्या जणांनी विचारलंय, की एकदा बैजवार उत्तर देऊन टाकावं म्हणते.

तो आत्याचा. वडिलांची थोरली बहीण, मिरजेत प्राथमिक शाळेत शिक्षिका. लग्न केलं नाही. शाळा सांभाळून गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षा देत देत विशारद झाली, पण स्वतःची मैफल अशी कधी केली नाही. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा कनवाळू होतो, "संधी मिळाली नसेल बिचारीला." तिथं माझं बिनसतं. आत्याला बिचारी म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती, आणि संधीचं म्हणाल तर ती मिरजेत राहत होती.

मिरजेत गाण्याची वानवा कधीच नव्हती. ग्वाल्हेर गायकीचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तिथं राहिले, विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे तिथंच शिकले आणि १९३१ मध्ये वारले तेही मिरजेतच. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांना १९३७ मध्ये पाँडिचेरीच्या प्रवासात, वाटेतल्या एका रेल्वे स्टेशनवर मरण आलं, पण कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, त्याला लांबून लांबून गवई येतात, आणि आलेल्या गवयाला मागं तानपुऱ्यावर कुणीतरी लागतं. आत्या ते कुणीतरी होती. उरुसात, गणपतीत, कुणाच्या वाड्यातल्या खासगी बैठकीत निरोप यायचा आणि ही नऊवारीसारखं चापूनचोपून पाचवारी नेसून निघायची. आमच्याकडच्या जुन्या फोटोंत पुढे कुणी ना कुणी मोठं माणूस हात उंचावून बसलेलं असतं आणि मागं दांडीआड अर्धा चेहरा दिसतो तो आत्याचा.

मी कॉलेजात असताना तिला सरळ विचारलं होतं, तुला पुढं बसावंसं वाटत नाही का? ती भाजी निवडत होती. "पुढं बसलं की स्वतःचंच ऐकावं लागतं, बाई. मागं बसलं की गाणं ऐकायला मिळतं." हे ती नम्रतेनं म्हणत नव्हती. नम्रता हा तिचा प्रांतच नव्हे. एखाद्याचा निषाद सुरातून उतरला तर परतताना टांग्यात, पुढे रिक्षात, ती त्या माणसाचं जे काही करायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिचं खरं काम मैफलीच्या आधी असायचं. तानपुरा लावणं. चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या, शेवटची पितळेची, खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. मालकंस राग असला की पंचमाच्या जागी मध्यम, मारवा असला की निषाद. आधी खुंट्या पिळून तार जवळपास आणायची, मग घोडीच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, खालचे मणी केसभर सरकवायचे. पण तार सुरात आली म्हणजे तानपुरा लागला असं नव्हे. घोडीवर प्रत्येक तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो चिमटीत धरून ती मागंपुढं करायची, अगदी सावकाश, कान दांडीला जवळजवळ टेकवून. एका जागी तार नुसती टणत्कारायची, एका जागी गुदमरायची, आणि मधे कुठंतरी अशी एक जागा यायची, की तीच तार एकदम रुंद होऊन बोलू लागायची. ही जवारी. चारही तारांची जवारी जमली की खर्जातून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो, त्या नावाची तारच तिथं नसते. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो येईपर्यंत आत्या कुणाला गाऊ द्यायची नाही, मग समोर कितीही मोठा बुवा असो. घड्याळाकडं बघणाऱ्या संयोजकांशी तिचे खटके उडायचे ते यावरूनच.

आम्हा भाचरांना सुट्टीत समोर बसवून ती विचारायची, "आला का ऐकू?" मला बरीच वर्षं तो आला नाही. मग एका दुपारी मी स्वयंपाकघरात ताक घुसळत होते, ती बाहेरच्या खोलीत तानपुरा लावत होती, आणि अचानक तिच्याजवळ दुसरं कुणी बसून गातंय असं वाटलं. रवी हातात घेऊन बाहेर आले तर ती एकटीच. माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं. "आला ना? जा आता, लोणी विरघळेल."

लोकांना वाटतं अशी माणसं यंत्राचा राग करत असतील. इलेक्ट्रॉनिक तानपुरा तिनं हौसेनं घेतला. "बरं आहे की, लाइट असेपर्यंत सुरात असतो. आमचा हा ढग आला तरी उतरतो." पुढं मिरजेत भारनियमनाचे दिवस आले तेव्हा ही खूण पटवायची संधी तिनं सोडली नाही. पण लावायला बसली की गवसणी याचीच निघे.

हा तानपुरा मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतला. तिथली घराणी मूळची शिकलगार, हत्यारांना पाणी देणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांचे दिवस सरले तशी वाद्यांकडे वळली. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. आत्यानं म्हणे सावकाश, वर्षभर पगारातून पैसे देत हा घेतला, आणि कारागिरानं शेवटचा हप्ता आल्यावर नव्हे, पहिल्याच दिवशी घरी नेऊ दिला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तोवर ती गेली होती, पण तिला त्याचं फार कौतुक वाटलं असतं असं नाही. कारागिराला दाम वेळेवर मिळतो का, एवढंच विचारलं असतं.

तर, हा कशाला? ती गेल्यावर एका संस्थेनं मागितला होता. मी बघून आले. त्यांच्याकडं आधीचे तानपुरे भिंतीला उभे होते, गवसणीत, तारा सैल. नाही म्हटलं.

आता खालच्या मजल्यावरची मुलगी येते संध्याकाळी. गाण्याच्या मध्यमा परीक्षेला बसलीय. ती गाते, मी मागं बसून छेडते. लावायला मला अजून वेळ लागतो, आणि ती चुळबुळ करते तेव्हा मीही आत्यासारखीच खेकसते. तिचा सूर पेटीची काळी पाच, आत्याचा त्याखालची काळी तीन. जुन्या तारा तेवढा ताण सोसेनात म्हणून बारीक तारा घालून घेतल्या, आणि घोडी घासून जवारी पुन्हा काढायला पुढच्या महिन्यात कारागीर येणार आहे. त्या दिवशी तुम्ही आलात तर बसायला जागा नसेल, घरभर कानस आणि भुसा असतो. एरवी या. छेडायचा असेल तर छेडाही, फक्त अंगठी काढून.