अलिबाग ते रत्नागिरी सायकलने: किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा

केळशी ते आंजर्ले हे अंतर वीस किलोमीटरच्याही आत आहे. आम्हाला ते पार करायला साडेचार तास लागले. बाकीचं सगळं मी यानंतर सांगते, कारण या रस्त्याला निघणाऱ्या माणसाला दुसरं काही कळलं नाही तरी चालेल, पण हे कळायलाच हवं.

निघण्याआधी तीन वेगवेगळ्या लोकांनी मला सांगितलं होतं की किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं म्हणजे रस्ता सपाट. त्यातले दोघे मोटरसायकलवरून गेलेले होते हे मी नंतर विचारून घेतलं. तिसऱ्याने सायकलने केलं होतं, पण श्रीवर्धनपर्यंतच. तिथपर्यंतचा रस्ता खरोखरच सोपा आहे. म्हणून पहिला सल्ला हा की, "सोपा आहे" असं कुणी सांगितलं तर "कशावरून गेलात आणि कुठपर्यंत गेलात" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

मी आणि माझा मावसभाऊ, दोघंच निघालो होतो. डिसेंबरचा दुसरा आठवडा, अलिबाग ते रत्नागिरी सहा दिवस. माझ्या मीटरवर 312 किलोमीटर आणि 4,800 मीटर चढाई भरली. यात किल्ल्यांसाठी घेतलेले आडफाटे धरले आहेत. दोघांच्याही सायकलींना मागे पॅनिअर, म्हणजे कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या, प्रत्येकी बारा किलो सामान.

आता केळशी. वेळासला मुक्काम करून आम्ही सकाळी केळशीत आलो. महालक्ष्मीच्या देवळासमोर चहा घेतला, नऊ वाजले होते. चहाच्या टपरीवर बसलेल्या आजोबांनी आमच्या सायकलींकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, आडेपर्यंत ढकलतच न्यावी लागेल हो." आडे हे आंजर्ल्याच्या अलीकडचं गाव. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, काळजीने बोलतोय. त्यांचा शब्दन् शब्द खरा होता. गाव संपलं की रस्ता उटंबरच्या बाजूला डोंगरावर चढतो आणि चढतच राहतो. चढ नुसता तीव्र असता तर काही नव्हतं, आम्ही घाट चढणारी माणसं आहोत. पण आम्ही गेलो तेव्हा निम्म्या चढणीवर डांबर उखडलेलं आणि वर सुटी खडी पसरलेली. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, बसून मारलं की पुढचं चाक उचलतं. सर्वात लहान गिअरवरही तोल सांभाळता येईना. शेवटी उतरून ढकलल्या. बारा किलो सामानाची सायकल खडीवरून ढकलताना पायातले क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तळाचा खटका) असलेले बूट शत्रू वाटतात. साधे रबरी तळाचे बूट घाला, क्लीट या रस्त्यावर निरुपयोगी आहेत.

वरती सडा लागतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. झाड नाही, सावली नाही, पाणी नाही. डिसेंबरातही साडेदहाला कातळ तापलेला होता. आमच्याकडे प्रत्येकी दीड लिटर पाणी होतं, ते इथेच संपलं. केळशीतून निघताना माणशी तीन लिटर भरून घ्या, वजनाचा विचार करू नका.

आणि मग उतार. चढ माणसाला दमवतो, इथला उतार माणसाला पाडतो. आडेकडे उतरताना एका वळणावर खडी रस्त्याच्या मधोमध नांगरल्यासारखी पडली होती आणि भाऊ तिथेच घसरला. कोपर आणि गुडघा सोलवटला, मागचं पॅनिअर फाटलं, नशिबाने मागून गाडी नव्हती. आम्ही अर्धा तास रस्त्याच्या कडेला बसून होतो. मी त्याच्या जखमेतली लाल माती धुवत होते आणि पाणी संपलेलं असल्यामुळे शेवटी सोबतचा नारळ फोडून त्याचं पाणी वापरलं. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात जे आलं ते असं: हा रस्ता नकाशावर समुद्राला चिकटलेली एक निळसर रेघ दिसतो, आणि त्या रेघेवर विश्वास ठेवून मी दुसऱ्या माणसाला घेऊन आले.

उतारावर ब्रेक सलग दाबून ठेवू नका, रिम तापते. दाबा, सोडा, दाबा. वळणाआधी वेग काढा, वळणात नाही. टायर 35 मिलिमीटरपेक्षा अरुंद नको. रोडबाइक घेऊन इथे येऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. डोंगर नको असेल तर केळशीहून आत मांदिवलीकडे वळून दापोलीच्या रस्त्याला लागा. अंतर वाढतं, तिकडेही चढ आहेत, आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती त्या दिवशी राहतो. तरी रस्त्याची ताजी खबर वाईट असेल तर मी तेच करेन. खबर केळशीतच विचारा, आणि दुधाच्या नाहीतर मासळीच्या गाडीवाल्याला विचारा, कारण तो रोज जातो.

आडे ते आंजर्ले समुद्रालगत सपाट आहे. त्याबद्दल मला काही आठवत नाही, मी फक्त पेडल मारत होते.

हे असं का होतं, ते मला हर्णैला रात्री नकाशा पसरल्यावर कळलं, आणि आधी कळलं असतं तर सगळं नियोजन वेगळं केलं असतं. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी जांभ्याचं पठार कापून समुद्राला मिळते. रेवदंड्याला कुंडलिका, मग राजपुरीची खाडी, बाणकोटला सावित्री, केळशीला भारजा, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. दोन खाड्यांच्या मध्ये सडा आहे. म्हणजे प्रत्येक खाडीपाशी पार समुद्रसपाटीवर उतरायचं आणि पलीकडे पुन्हा शंभर-दीडशे मीटर वर यायचं. आणि किल्लेही नेमके याच कारणाने तिथे आहेत. खाडी म्हणजे बंदर, बंदर म्हणजे जकात, आणि जकातीच्या तोंडावर किल्ला. कुंडलिकेच्या मुखावर रेवदंडा आणि कोर्लई, राजपुरीत जंजिरा, सावित्रीवर बाणकोट, वाशिष्ठीवर अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीवर जयगड. तुम्ही किल्ले पाहायला निघालात म्हणजे चढ-उतार ठरलेलेच. म्हणून दिवसाचा पल्ला ठरवताना किलोमीटर पाहू नका. दिवसाला एक खाडी धरा, अंगात दम असेल तर दोन. तीन खाड्यांचा दिवस कुणीही ठरवू नये.

सुरुवातीचे दोन दिवस थोडक्यात. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रो बोटीत सायकल सहज चढते. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. वेळ काढायची कोकणातली जुनी रीत अशी की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. तरी पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसाला विचारा. रेवदंड्याचा सातखणी बुरूज रस्त्यापासून जवळ आहे, सोडू नका. साळाव्याचा पूल ओलांडला की कोर्लई. पोर्तुगीजांकडून 1740मध्ये हा सगळा टापू मराठ्यांकडे आला, पण कोर्लई गावातली काही घरं आजही पोर्तुगीजातून उतरलेली आपली बोली बोलतात. पाणी मागायला थांबलो तेव्हा घरातल्या दोघी आपापसात त्या बोलीत बोलत होत्या. एक शब्द कळला नाही आणि मला फार बरं वाटलं. किल्ल्याच्या दगडांपेक्षा ते ऐकणं मोठं होतं.

राजपुरीत मात्र सांभाळा. जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होडीचं तिकीट ठीक आहे. त्यावर धक्क्यावरच्या एका माणसाने सायकली सांभाळायचे प्रत्येकी शंभर मागितले, आणि होडीत बसल्यावर दुसऱ्याने वाटाड्याचे वेगळे पैसे गोळा केले, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. नाही म्हणायची वेळ धक्क्यावर असते, होडीत नाही. पैशांचं सगळं होडीत पाय ठेवण्याआधी, चार माणसांसमोर, मोठ्याने बोलून घ्या. सायकली धक्क्यावर ठेवूच नका. गावात चहा-नाश्ता घ्या आणि त्याच हॉटेलात सांगून ठेवा. आम्ही तेच केलं असतं तर दोनशे रुपये वाचले असते. किल्ल्यात मिळणारा वेळ पाऊण तासाचा, तो अपुरा आहे. पण धक्क्यावर उभं राहून मधलं पाणी नीट पाहा. संभाजी महाराजांनी 1682मध्ये या पाण्यात दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती. पुस्तकात वाचलं तेव्हा ती मला एक ओळ वाटली होती. ते अंतर डोळ्यांनी पाहिल्यावर अंगावर काटा आला. राजपुरीहून आगरदांड्याला जाताना खोकरीचे घुमट लागतात, सिद्द्यांच्या कबरी. तिथे कुणी तिकीट मागत नाही, कुणी घाई करत नाही. जंजिऱ्यापेक्षा मी तिथे जास्त वेळ बसले.

आगरदांडा ते दिघी फेरीबोट. पुढे दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. सुंदर आहे, बरंचसं सपाट आहे, जा.

बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोटीने सावित्री ओलांडली की खरा प्रवास सुरू होतो. बाणकोटचा किल्ला चढून जाण्यासारखा आहे. 1755मध्ये इंग्रज आणि पेशवे मिळून तुळाजी आंग्र्यांवर चालून गेले, सुवर्णदुर्ग पडला, आणि त्यानंतर बाणकोट इंग्रजांच्या हाती आला. त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. तटावरून खाडीचं तोंड आणि हरिहरेश्वरचा डोंगर एका नजरेत येतो. वेळासला कासवांसाठी लोक येतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर. डिसेंबरात गाव शांत असतं, घरगुती राहण्याची सोय मिळते, जेवण उत्तम.

सुवर्णदुर्गाबद्दल माझा राग आहे तो सांगते. हा किल्ला 2025मध्ये मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेला. हर्णै बंदरात मात्र आम्हाला होडीचं ठरलेलं भाडं कुठे लिहिलेलं दिसलं नाही. दोघांसाठी पहिल्या होडीवाल्याने सांगितलेला आकडा आणि तिसऱ्याने सांगितलेला आकडा यात निम्म्याचा फरक होता. आणखी चार प्रवासी मिळेपर्यंत थांबा आणि होडी वाटून घ्या. संध्याकाळचा मासळीचा लिलाव पाहत थांबलात तर माणसं मिळतातच. होडी जमली नाही तर किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर जा, तिथून सुवर्णदुर्ग समोर दिसतो.

हर्णैहून मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे, दाभोळ. कर्दे सोडलं की चढ आहे, पण रस्ता चांगला होता आणि आम्ही केळशीतून शिकून आलो होतो. सकाळी सहाला निघालो, मतलई वारा अंगावर, दहाच्या आत मोठी चढण संपवली. दुपारनंतर वायव्येचा खारा वारा सुटतो आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याला मागून ढकलतो. म्हणूनच हा प्रवास उत्तरेकडून दक्षिणेकडेच करा. उलट दिशेने करणारी एक जोडी आम्हाला दुपारी दोनला भेटली. त्यांचे चेहरे पाहून मला काही विचारायची गरज पडली नाही.

दाभोळात मशीद बंदराजवळच आहे, आतून विजापूरची आठवण करून देणारी. बहमनी काळात हे बंदर फार श्रीमंत होतं. 1508मध्ये पोर्तुगीजांनी ते लुटून जाळलं. आज तिथे आमच्या सायकली, दोन रिक्षा आणि फेरीबोटीची वाट पाहणारी शाळेची मुलं होती. समोर धोपाव्याला उतरलात की लगेच चढ, थेट जेट्टीपासून. बोटीतच लहान गिअर टाकून ठेवा.

गुहागर ते तवसाळ हा दिवस मला सर्वात आवडला. हेदवी, मग सडा, डावीकडे-उजवीकडे वाळलेलं सोनेरी गवत आणि खाली समुद्र, आणि पाय पहिल्यांदाच कुरकुर न करता चालत होते. पण भान ठेवा, तवसाळ ते जयगडची शेवटची फेरीबोट किती वाजता आहे हे त्याच सकाळी फोन करून विचारा. ती चुकली तर शास्त्री नदीला मोठा वळसा, आणि तोही अंधारात. आम्ही वीस मिनिटं आधी पोचलो, तेही उतारावर न थांबल्यामुळे.

जयगडहून गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. आरे-वारेला गाड्यांची गर्दी असते, शनिवार-रविवार टाळा.

परतीसाठी रत्नागिरीहून खासगी बस घेतली. सायकलीसाठी डिकीत जागा आहे असं फोनवर सांगितलं, आणि बस उभी राहिल्यावर आमच्या एका तिकिटाइतकेच पैसे एका सायकलीचे मागितले. सायकलीचे पैसे ठरवून तिकिटावर लिहून घ्या, किंवा निदान फोनवरचं बोलणं मेसेजमध्ये मागून घ्या. पुढची चाकं काढून, चेन झाकून, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) वरच्या बाजूला ठेवून सायकल स्वतः डिकीत ठेवा. माझा हँगर, म्हणजे डिरेलर जिथे बसतो तो छोटा धातूचा तुकडा, वाकला तो सहा दिवसांच्या खडीत नाही, त्या एका रात्रीत. जादा हँगर बरोबर असू द्या. रत्नागिरीत शोधला, आमच्या मापाचा मिळाला नाही.