मनगटावरची पट्टी

आज सकाळी साडेसहा ते दुपारी साडेबारा, सहा तासांची सायकल रिले. दादा, वहिनी, पुतणी, माझा कॉलेजचा मित्र आणि मी, पाच जणांत मिळून एकच कापडी पट्टी. नागपूरच्या गोरेवाड्याकडच्या मुरमाड वाटांवर 7 किलोमीटरची फेरी. ज्याच्या मनगटावर पट्टी, तो सायकलवर, बाकीचे झाडाखाली. माउंटन बाइकची 24 तासांची रिले 1992 मध्ये अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात झाली होती. आम्ही त्याच्या चौथाईतच पुरते दमलो.

सुरुवातीला थंडी इतकी, की ब्रेक दाबताना बोटं वळत नव्हती. मुरमावर पकड यावी म्हणून टायरची हवा थोडी कमी ठेवली होती. तिसऱ्या फेरीत बाभळीचा काटा शिरला. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, फसफसून बाहेर आलं, पण भोक काही बुजेना. आत ट्यूब टाकली, हवा भरली, हात काळे. डोक्यात एकच विचार, तिकडे पोरगी ताटकळली असेल.

पोचलो तर ती हेल्मेट घालून, एक पाय पेडलवर ठेवून उभीच. वहिनी ओरडल्या, "काहून थांबले भाऊजी, पट्टी द्या ना!" दिली. पोरगी धूळ उडवत वळणाआड गेली आणि दादा बराच वेळ तिकडेच पाहत राहिला. असं पाहताना मी त्याला आधी कधी बघितलं नव्हतं.

शेवटची फेरीही तिनेच मारली. मग सगळ्यांनी तर्री-पोहे खाल्ले. घरी येताना ती गाडीत झोपून गेली, पट्टी अजून मनगटावरच होती.